रेचकाच्या वेष्टनावरील ‘निष्क्रिय’ घटक

प्रश्न : माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिची मूत्रपिंडेही थोडी अशक्त आहेत. बद्धकोष्ठतेसाठी चिठ्ठीविना मिळणारे रेचक घेताना सक्रिय घटक पाहिला की पुरते का? निष्क्रिय घटकांची बारीक अक्षरांतली यादी वाचण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि तुमच्या आईच्या बाबतीत तर दोन्ही याद्या वाचायला हव्यात. आधी सक्रिय घटक पाहा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम फॉस्फेट असेल, तर अशक्त मूत्रपिंडांना ते क्षार पुरेसे बाहेर टाकता येत नाहीत आणि रक्तातले त्यांचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे औषध देऊच नका. दोन निरनिराळ्या नावांच्या औषधांत एकच सक्रिय घटक असू शकतो, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.

‘निष्क्रिय’ हा शब्द मला फसवा वाटतो. हे घटक जुलाब घडवत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. इसबगोलाच्या चवदार भुकटीत पुष्कळदा साखर असते आणि ‘साखरविरहित’ प्रकारात कृत्रिम गोडी देणारे अ‍ॅस्पार्टेम, जे फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात चयापचय विकार असलेल्यांना वर्ज्य आहे. बिसाकोडिल या रेचकाच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीवरचे आवरणही असेच महत्त्वाचे : ते जठरात विरघळू नये म्हणून असते, त्यामुळे ती गोळी चावू नये, फोडू नये आणि दूध किंवा आम्लपित्तावरील औषध घेतल्यावर तासभर घेऊ नये.

लॅक्ट्युलोज या रेचकाच्या पातळ औषधातही लॅक्टोज व गॅलॅक्टोज या प्रकारची थोडी साखर असते, हे मधुमेहींनी ध्यानात ठेवावे.