मेटल हा रॉकचाच उपप्रकार मानायचा की स्वतंत्र संगीतप्रकार?

मेटल रॉकमधून निघालं यात वाद नाही. पण आजही त्याला रॉकचा उपप्रकार म्हणायचं का, असं विचारत असाल तर माझं उत्तर 'नाही'. निदान 1980च्या दशकाच्या मध्यापासून तरी नाही.

ब्लॅक सॅबथ या बँडचा 1970चा पहिला अल्बम घ्या. शीर्षकगीताचा रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) तीनच स्वरांचा: खालचा सा, त्याच्या वरच्या सप्तकातला सा आणि मग तीव्र मध्यम, जिथे कान पंचमाची वाट बघत असतो. हे मेटल. पण त्याच अल्बमवर हार्मोनिका आहे, बिल वॉर्डचे ड्रम जॅझसारखे झुलतात आणि टोनी आयोमीचे गिटारचे सोलो बरेचसे ब्लूजच्या वळणाचे आहेत. तेव्हा कुणी याला रॉक म्हटलं असेल तर ते चुकीचं नव्हतं. पुढे जुडास प्रीस्ट या बँडने ब्लूज बराचसा गाळला आणि थ्रॅशवाल्यांनी (थ्रॅश म्हणजे वेगवान, आक्रमक मेटल) उरलासुरलाही काढून टाकला.

खरा फरक पडला तो पॉवर कॉर्डमुळे. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प एकत्र. जोरदार डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजातून, दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाचा तिसरा सूर आपोआप तयार होतो. गिटारची मोकळी ए तार 110 हर्ट्झ, तिचा पंचम 165. फरक 55, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा ए. म्हणून दोनच सुरांची कॉर्ड भिंतीएवढी वाटते. आता पंचमाऐवजी शुद्ध गंधार दाबून बघा. फ्रेटवर (गिटारच्या गळ्यावरच्या आडव्या पट्टीवर) तो साधारण 138.6 हर्ट्झला येतो, फरक 28.6. दोन सप्तकं खालचा ए जुळायला 27.5 हवा होता. नुसती गुरगुर ऐकू येते. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, वाढेल तशी पूर्ण मेजर-मायनर कॉर्ड निरुपयोगी होत जाते आणि गाण्याचा भाव सांगायचं काम कॉर्डकडून रिफच्या स्वरांकडे जातं. मग कोमल रिषभ, तीव्र मध्यम, एकेका फ्रेटने सरकणारे स्वर, सगळे हक्काने येतात. रॉकमध्ये गिटार बहुतेक वेळा गायकाला साथ करते. मेटलमध्ये रिफ हेच गाणं असतं आणि गायकाने त्यात जागा शोधायची असते.

म्हणूनच 'डिस्टॉर्शन जास्त म्हणजे मेटल' हे खरं नाही. अँप बंद करून तोच रिफ वाजवा, मेटल असेल तर तरीही ओळखू येतो. पाम म्यूट मात्र हवा: उजव्या तळव्याची कड ब्रिजलगत तारांवर हलकी टेकवायची. ती गळ्याकडे जास्त सरकली की सूर मरून नुसती ठकठक उरते, ब्रिजच्या मागे गेली की तार मोकळी वाजते.

ड्रमकडेही कान द्या. रॉकमध्ये स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, त्यावर टाळी देता येते. डेथ आणि ब्लॅक मेटल या प्रकारांतल्या ब्लास्ट बीटमध्ये स्नेअर इतका दाट असतो की टाळीला जागाच उरत नाही. अर्थात डूमसारखं संथ मेटल आरामात त्याच दुसऱ्या-चौथ्या मात्रेच्या बॅकबीटवर चालतं, त्यामुळे ही एकच कसोटी धरू नका.

ग्रॅमी संगीत पुरस्कारवाल्यांचा गोंधळ तर मजेशीर आहे. 1989 मध्ये हार्ड रॉक आणि मेटलला मिळून एकच पुरस्कार ठेवला आणि तो दिला जेथ्रो टल या बँडला, ज्यांची ओळख बासरी! पुढच्याच वर्षी मेटलचा पुरस्कार वेगळा झाला आणि मेटॅलिकाला मिळाला, पण ठेवला तो रॉक विभागातच.

सीमेवरचे बँड राहतातच. मोटरहेडला सगळे मेटलमध्ये घालतात, पण त्यांचा गायक लेमी स्वतः आपण रॉक अँड रोल वाजवतो असंच सांगायचा, आणि रिफ ऐकले तर त्याचं म्हणणं पटतं. एसी/डीसी माझ्या मते सरळ हार्ड रॉक. स्वतःचा संग्रह लावत असाल तर हार्ड रॉक रॉकखाली ठेवा, मेटलला वेगळा मुख्य कप्पा द्या आणि थ्रॅश, डेथ, डूम, ब्लॅक त्याच्या पोटात घाला. सॅबथचे पहिले काही अल्बम दोन्हीकडे ठेवले तरी चालतील.