मशीनला बकरी दिसत नाही

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात वावर गहाण ठेवून नागपूरच्या 'नीट'च्या (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) क्लासची फी भरायचा बेत पानभर आहे, पोरीचं म्हणणं एका ओळीत. तिच्या आईचा गुडघा सुजला, अडीच महिने ताप चढत-उतरत राहिला, कल्चरचा (जंतू उगवून बघायची तपासणी) रिपोर्ट 'नो ग्रोथ', म्हणजे काही उगवलं नाही, असा आला आणि शेवटी बकऱ्यांपासून येणारा ब्रुसेला जंतू निघाला. तेव्हापासून पोरगी म्हणते, मला हेच, लॅबमध्ये जंतू शोधणं, शिकायचं. तुम्ही लिहिता, "लॅबमध्ये मशीनच सगळं करते, त्यात काय डोकं लागते?" आणि दोनदा 'नीट' दिलेल्या पोरीला तिसऱ्यांदा बसवता. मला काळजी तिच्या मार्कांची नाही, गहाण पडणाऱ्या वावराची आहे. तिसऱ्यांदाही नंबर लागला नाही, तर त्या कर्जाचं ओझं ती आयुष्यभर स्वतःच्या डोक्यावर घेईल.

आता बघू, त्या मशीनच्या आधी माणसाला काय काय करावं लागतं. सांध्यातलं पाणी शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी काढायचं. थोडं ईडीटीएच्या (गोठू न देणारं औषध) नळीत, पेशी मोजायला. थोडं काचपट्टीवर, ग्रॅम स्टेनला, म्हणजे जंतूंना रंग देऊन बघायला. थोडं जंतू उगवायच्या प्लेटवर आणि थोडं थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत. सांध्याच्या अस्तराचा तुकडा कल्चरसाठी काढला आणि कोणी सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकला, तर जंतू तिथेच मेले. नेहमीचा स्टॅफिलोकोकस जंतू एक-दोन दिवसांत उगवतो, ब्रुसेला सावकाश. प्लेट 48 तासांत फेकली की बहुधा 'नो ग्रोथ'च येणार. त्याचा अर्थ एवढाच की तेवढ्या मुदतीत काही उगवलं नाही. 'घरी बकऱ्या, कच्चं दूध, शेळीची जार (वार) हाताने काढली' असं फॉर्मवर कोणी लिहिलं, तर रक्ताची ॲग्लुटिनेशन चाचणी (रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का ते बघणारी) होते, बाटली जास्त दिवस ठेवली जाते आणि जंतू हवेत उडू न देणाऱ्या सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडली जाते, कारण हा जंतू श्वासावाटे लॅबवाल्यांनाही धरतो. बाभळीचा काटा गुडघ्यात मोडला, तर एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटमध्ये साल्मोनेला जंतूचा विचार करावा लागतो. महिनोन्महिने सुजलेल्या एकाच गुडघ्यात टीबीचा. हे प्रश्न माणूसच विचारतो.

वाटा नेहमीच्याच: बारावी विज्ञाननंतर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीची लॅब शाखा, नाहीतर बीएस्सी आणि मग एमएस्सी मायक्रोबायोलॉजी (जंतुशास्त्र). पण पोरीलाही एक कडू गोष्ट सांगा. टेक्निशियन जंतू शोधतो, निदानाची सही डॉक्टरची. तिला सहीच हवी असेल, तर एमबीबीएस आणि एमडी मायक्रोबायोलॉजी, म्हणजे पुन्हा 'नीट'. मग तिसरा अटेम्प्ट तिने मागितलेला असावा, तुम्ही लादलेला नव्हे.

लॅबकडे वळली, तर फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा: स्वतःचं हॉस्पिटल आहे का? कल्चरच्या प्लेटा विद्यार्थी स्वतः लावतात का? तालुक्याच्या लॅबमध्ये बहुतेक शुगर आणि सीबीसीच (रक्तपेशींची मोजणी) चालतं. कल्चर शिकायचं तर मेडिकल कॉलेजला जोडलेली जागाच बघा. मान्यतेचं पत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

आणि बकऱ्यांचं रक्त पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासून घ्या. एखादी गाभडली, तर जार उघड्या हाताने उचलू नका, खोल पुरा. दूध उकळूनच प्या.