ती वही आधी मिटा

प्रश्न: माझी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेहमीची वेदनाशामक औषधंही तिच्या लक्षात राहत नाहीत. मी चाळीस नावांची वही केली असून रोज रात्री तिच्याकडून पाठ म्हणून घेतो. परवा मध्येच थांबून ती म्हणाली, 'पॅरासिटामॉलने ताप उतरतो, दुखणं थांबतं, मग सूज का उतरत नाही?' मी म्हटलं, आधी पाठ कर. तिने हे क्षेत्र सोडावं का? मला स्वतःला गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे औषधांचं महत्त्व मी जाणतो.

उत्तर: मला तुमच्या मुलीच्या विसरण्यापेक्षा त्या वहीची जास्त काळजी वाटते. दिवसभर प्रॅक्टिकल करून दमलेली मुलगी रोज रात्री वडिलांसमोर तोंडी परीक्षा देते. नाव अडलं की तुमचा चेहरा उतरतो, तो तिला दिसतो आणि मग येत असलेलंही आठवत नाही. याला कमी स्मरणशक्ती म्हणू नका. ती धास्ती आहे आणि ती तुमच्यामुळे आहे.

तिचा तो प्रश्न तुम्ही उडवून लावलात, याचं फार वाईट वाटलं. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर काम करतं, सुजलेल्या जागी त्याचा जोर फारसा चालत नाही. ते नेमकं कसं काम करतं हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. म्हणजे तुमची मुलगी थेट संशोधकांच्या प्रश्नापाशी पोचली होती!

फार्मासिस्ट म्हणजे नावं पाठ असलेला माणूस, हा गैरसमज आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही एकाच कुळातली औषधं. ती शरीरात प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दुखणं आणि सूज वाढवणारं शरीरातलंच रसायन, तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश संशोधक जॉन व्हेन यांनी 1971 साली अ‍ॅस्पिरिनवरून दाखवलं आणि 1982 साली त्यांना नोबेल मिळालं. हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचं रक्षण करतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतं. एवढं समजलं की दुखणं का थांबतं, पोटात अल्सर का होतो, मूत्रपिंडाला धोका का, हे वेगळं घोकावं लागत नाही. पॅरासिटामॉलचंही तसंच. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, हे कुणीही पाठ करेल. पण रुग्ण सोबत सर्दीची गोळी घेतोय, तिच्यातही पॅरासिटामॉल आहे आणि यकृतावर दुहेरी भार पडतोय, हे ज्याच्या लक्षात येतं तो खरा फार्मासिस्ट.

क्षेत्र सोडायचा विचार डोक्यातून काढा. पदव्युत्तर प्रवेश, रुग्णालय, कंपनी या वाटा शेवटच्या वर्षी बघता येतील. आज रात्री वहीऐवजी तुमच्या दोन्ही गोळ्यांच्या स्ट्रिप तिच्यासमोर ठेवा आणि विचारा, 'या दोन्ही एकत्र घेतलेल्या चालतात का गं?' डायक्लोफेनॅकने रक्तदाब वाढू शकतो, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. ती पुस्तक उघडून शोधेल, तेव्हा मध्ये बोलू नका. आणि ती जे सांगेल ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.