शेततळ्यातल्या माशांसाठी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) दिवसा किती तास चालवावा? आणि किती एचपीचा घ्यावा?

दिवसा नाही, रात्री चालवा. उन्हात हिरव्या पाण्यातलं बारीक शेवाळ स्वतःच प्राणवायू तयार करतं. अंधार पडला की तेच शेवाळ माशांबरोबर तो खात बसतं आणि पहाटे पाणी अगदी रिकामं होतं. मध्यरात्रीपासून चांगलं उजाडेपर्यंत एरेटर बंद पडता कामा नये.

आमचं ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं. कटला, रोहू, मृगळ. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडून वर्ष होत आलं होतं, कटला किलोच्या पुढे गेला होता. एरेटर होता, पण दादा तो सकाळी १० ते ४ चालवायचे, कारण त्या आठवड्यात थ्री फेज दिवसा होती. रात्रीसाठी सिंगल फेजचा छोटा घेऊ म्हटलं तर म्हणाले, "नदीतल्या माशांना कोण मशीन लावतं?" अहो, नदी वाहते. आपलं पाणी कागदावर तुंबलेलं.

श्रावणात तीन दिवस आभाळ, वारा पडलेला. खाद्य थांबवू म्हणालो, तरी कोंडा-पेंड पडतच राहिली. चौथ्या पहाटे ५ वाजता बॅटरी घेऊन गेलो तर सगळ्या तळ्यावर माशांची तोंडं, आणि चुपचुप आवाज. डिझेल इंजिन लावून तळ्याचंच पाणी उंचावरून परत तळ्यात फवारलं. तरी ७ वाजेपर्यंत निम्मे कटले पोट वर करून तरंगत होते. मी बांधावर बसून रडलो.

दादा आजही म्हणतात, रोग आला होता. मग अंगावर एकही डाग कसा नव्हता? मोठे आधी का गेले? प्राणवायू कमी पडला की मोठेच आधी जातात. आणि ऊन पडल्यावर उरलेले आपोआप खाली गेले. रोग दोन तासांत बरा होतो का?

आभाळ भरलेलं असेल तर मात्र दिवसाही चालवा. तळाशी काळा गाळ साचला असेल तर पहिल्याच रात्री जोरात ढवळू नका, विषारी वायू वर येतो. वेळ हळूहळू वाढवा. पाण्यातला प्राणवायू मोजायचं मीटर मिळालं तर पहाटेच मोजा: लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर चांगलं, ३ च्या खाली धोका. एचपी नुसत्या तळ्याच्या आकारावर नाही, मुख्यतः मासे किती किलो आहेत त्यावर ठरतो; पण आधी रात्रीच्या विजेची सोय करा. घरात कोणी नदीचा दाखला देत असेल तर त्यांना पहाटे ५ ला तळ्यावर घेऊन जा.