वडिलांच्या फोटोवरचा रंग पुसू नका

प्रश्न : माझे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. इंजिनापुढे तिघे उभे आहेत, शेजारी राखाडी रंगाचा पट्टा आहे आणि कडेला लाल पेन्सिलच्या रेघा. फोटो तिरका धरला की त्या रंगाखाली चौथ्या माणसाची टोपी दिसते. सोबतच्या वर्तमानपत्राच्या कात्रणात तिघेच आहेत. तो चौथा माझे वडील असावेत. रंग पुसून काढू का? आणि फोटो कधीचा असेल?
— एक वाचक, दौंड

उत्तर : कृपा करून पुसू नका. मी आयुष्यभर वर्तमानपत्राच्या छायाचित्र विभागात काम केलं. तरुणपणी एका स्टेशनच्या फोटोवरचा असाच रंग ओल्या कापसाने पुसायला गेलो. रंगाबरोबर खालचं इमल्शनही, म्हणजे ज्यात चित्र असतं तो थरच, निघालं आणि दोन चेहरे कायमचे गेले. ते मला आजही आठवतं.

तुमच्याकडे आहे तो छापखान्यात वापरलेला प्रिंट. लाल रेघा म्हणजे 'एवढाच भाग घ्या' अशी ब्लॉक, म्हणजे छापायचा धातूचा ठसा, बनवणाऱ्याला केलेली खूण. ब्लॉक जाळीच्या ठिपक्यांचा, कागद खरबरीत; सावलीतला माणूस त्यात नुसता काळा डाग व्हायचा, म्हणून आर्टिस्ट ब्रशने तो झाकून टाकी. तुमच्या वडिलांवर कुणाचा राग होता असं मनात आणू नका. खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाका आणि मोबाइलवर फोटो काढा. टोपीच काय, खांद्याची ठेवणही दिसू शकेल.

काळ ठरवायला इंजिन बघा. ५ नोव्हेंबर १९५१ला जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मध्य रेल्वे, म्हणजे सेंट्रल रेल्वे, झाली. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर, 'सी.आर.' असेल तर फोटो त्यानंतरचा. 'जी.आय.पी.' असेल तर मात्र घाई नको, पुढच्या रंगकामापर्यंत जुनी अक्षरं तशीच राहत. पुढचं नाक निमुळतं आणि त्यावर चांदणी असेल तर ते डब्ल्यू.पी. जातीचं वाफेचं इंजिन, ती भारतात १९४७पासून आली.

कात्रणाची मागची बाजू तर हमखास बोलते. जाहिरातीत किंमत आण्यांत असेल तर ते बहुधा १९५७च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर १ एप्रिल १९५७नंतरचं. १९६४मध्ये त्यातला 'नये' गेला. म्हणून कडा कापू नका.

दोन्ही एकत्र ठेवू नका, वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल फोटोला लागतं. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको. फोटोच्या पाठीवर शिक्का किंवा चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी असेल तर तिचाही फोटो काढा.

आणि शेडमधलं त्या पिढीचं कुणी हयात असेल तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. टोपी घालायच्या लकबीवरूनही ते माणूस ओळखतील.