भौतिकशास्त्र सोडावे का? प्रोग्रॅमिंगची ओढ असलेल्या मुलीच्या पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी शाळेच्या शेवटच्या टप्प्यात आहे, पायथॉनमध्ये छोटे छोटे खेळ स्वतः तयार करते आणि ‘प्रोग्रॅमिंगला पुस्तकातले गणित लागतच नाही’ असे म्हणून भौतिकशास्त्र सोडण्याच्या विचारात आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. मध्यंतरी तिने हॅस्केल ही फंक्शनल भाषा शिकायला घेतली आणि ‘मोनॅड’ या प्रकरणापाशी अडून ती सोडून दिली, हेही आपण कळवले आहे. भौतिकशास्त्र सोडू द्यावे का, फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही चार दिवसांची हवा आहे का, आणि नसेल तर गणित, भौतिकशास्त्र आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंग या तिन्ही गोष्टी कोणत्या क्रमाने शिकाव्यात, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. यांत्रिकीचा, म्हणजे गती, बल आणि ऊर्जा यांचा भाग नीट पुरा होईपर्यंत भौतिकशास्त्र सोडू देऊ नये. ‘पुढच्या वाटा खुल्या राहतात’ हे नेहमीचे कारण मी देणार नाही. ते खरे असले तरी या वयाच्या मुलांना ते पटत नाही आणि त्यात त्यांची फारशी चूकही नसते. माझे कारण वेगळे आहे. गणित, यांत्रिकी आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंग या तिन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे फंक्शन: काही इनपुट द्यावे आणि ठरलेल्या नियमाने त्याचे उत्तर मिळावे. हॅस्केलमध्ये जिथे तिचे पाऊल अडले, तिथली अडचण बहुधा हॅस्केलची नसून ही कल्पना अजून पुरती हाताखालून न गेल्याची असावी.

ती खेळ करते तेव्हा ‘क्ष = क्ष + १’ अशी ओळ दिवसातून कितीतरी वेळा लिहीत असेल. गणिताच्या वहीत हीच ओळ सरळसरळ खोटी ठरते, कारण कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी नसते. पायथॉनमध्ये ते विधान नसून आज्ञा असते: जुनी किंमत पुसून नवी लिही. फंक्शनल प्रोग्रॅमिंग ही पुसापुशी टाळते. तिथे नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही, आणि फंक्शनला तेच इनपुट कितीही वेळा दिले तरी तेच उत्तर मिळते, जसे ते गणितात मिळते. यापुढचा मजकूर आपण तिला वाचायला द्यावा, कारण तो करून पाहण्यासारखा आहे.

वरून सोडलेल्या वस्तूचे उदाहरण घ्यावे. एखाद्या क्षणी ती किती अंतर खाली आली आहे आणि तिचा वेग किती आहे, या दोन संख्या मिळून तिची स्थिती होते. आता एकच फंक्शन लिहायचे: त्याला आधीची स्थिती द्यायची आणि त्याने दशांश सेकंदानंतरची नवी स्थिती परत द्यायची. अंतरात ‘वेग गुणिले ०.१’ मिळवायचे, वेगात ‘९.८ गुणिले ०.१’ मिळवायचे, आणि जुन्या स्थितीला हात लावायचा नाही. हे फंक्शन शून्य अंतर आणि शून्य वेग यांपासून सुरू करून लागोपाठ दहा वेळा लावले की एक सेकंद पुरा होतो आणि अंतर ४.४१ मीटर येते. पुस्तकातले सूत्र मात्र ४.९ मीटर सांगते. पायरी दशांशाऐवजी शतांश सेकंदाची केली आणि तेच फंक्शन शंभर वेळा लावले, तर ४.८५१ मीटर येते; म्हणजे पायरी दहापट लहान होताच चूकही ०.४९ वरून ०.०४९ वर, नेमकी दहापट खाली आली.

असे का व्हावे, हे तिने स्वतः शोधावे असे मला वाटते. दिशा एवढीच सांगते की प्रत्येक पायरीत आपण सुरुवातीचा वेग धरतो, वेग मात्र त्या पायरीतही वाढत असतो. पायरीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी धरली, तर दहाच पायऱ्यांत बरोबर ४.९ येते. यातले भौतिकशास्त्र कुठे संपते, गणित कुठे सुरू होते आणि प्रोग्रॅमिंगची हद्द कोणती, हे मलाही सांगता येणार नाही. तिच्या खेळांतल्या पात्रांच्या उड्या याच हिशोबावर चालतात.

दुसरी गोष्ट विकलनाची, म्हणजे मुलांच्या बोलण्यातल्या डिफरन्सिएशनची. वर्गात ते नियमांची यादी म्हणून शिकवले जाते आणि तसेच पाठ होते. पण विकलनाला आपण एक फंक्शन देतो आणि ते दुसरे फंक्शन परत देते. अशा फंक्शनला प्रोग्रॅमिंगमध्ये ‘हायर-ऑर्डर फंक्शन’ म्हणतात. तिने पायथॉनमध्ये असे फंक्शन लिहून पाहावे, जे दिलेल्या फंक्शनची दोन जवळच्या बिंदूंवरची किंमत काढील आणि किमतींतल्या फरकाला बिंदूंमधल्या अंतराने भागील. संख्येचा वर्ग करणारे फंक्शन त्याला देऊन ३ या बिंदूपाशी उतार विचारला, तर अंतर ०.०१ असताना ६.०१ आणि ०.००१ असताना ६.००१ असे उत्तर येईल, आणि नियमाने येणारे ६ कुठून आले ते दिसू लागेल. मग हावरेपणाने ते अंतर दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग एक इतके लहान करून पाहावे. उत्तर थेट शून्य येईल, कारण इतकी लहान भर ३ मध्ये घातलेली संगणकाच्या दशांश संख्येत टिकतच नाही. गणितातली संख्या आणि यंत्रातली संख्या यांत फरक असतो, हे एकदा असे डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

रिकर्शनबद्दल, म्हणजे फंक्शनने स्वतःचाच पुन्हा आधार घेण्याबद्दल, थोडक्यात सांगते. यादी रिकामी असेल तर बेरीज शून्य, नाहीतर पहिली संख्या अधिक उरलेल्या यादीची बेरीज, अशी व्याख्या ज्याला कळली, त्याला गणिती विगमनाची (मॅथेमॅटिकल इंडक्शनची) सिद्धता परकी वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात शिकाव्यात.

हॅस्केलसारख्या भाषेतल्या ‘टाइप’च्या, म्हणजे प्रत्येक किंमत संख्या आहे, मजकूर आहे की यादी याची शिस्त पाळण्याच्या, कटकटीला पुष्कळ मुले वैतागतात. भौतिकशास्त्रात लांबीत वेळ मिळवता येत नाही, त्यामुळे समीकरणाच्या दोन्ही बाजूंची परिमाणे जुळतात का हे पाहूनच अर्ध्या चुका पकडता येतात. टाइप तपासणारी भाषा हेच काम प्रोग्रॅम चालवण्याआधी करते. १९९९ साली नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोहोचून नष्ट झाले, त्यामागे हीच बाब होती: जमिनीवरचा एक प्रोग्रॅम आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात देत होता आणि ते वापरणारा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंदात आहेत असे धरून चालला होता. संख्येबरोबर तिचे एककही टाइपमध्ये बांधता येते. ज्याने परिमाणांचा अभ्यास मन लावून केला आहे, त्याला अशा बांधणीची गरज पटवून द्यावी लागत नाही.

ही हवा आहे का, या प्रश्नाला इतिहासच उत्तर देतो. गणिती अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे सारा हिशोब केवळ फंक्शन्सनी मांडण्याची पद्धत, १९३०च्या दशकात मांडला, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वात येण्याआधी. त्यातून प्रेरणा घेतलेली लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली आखायला घेतली, एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८०च्या दशकात अर्लँग ही भाषा तयार झाली आणि हॅस्केलची पहिली आवृत्ती १९९० सालची आहे. जावासारख्या भाषेनेही २०१४ साली आठव्या आवृत्तीत लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेली फंक्शन्स, स्वीकारले. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते: केवळ हॅस्केल किंवा अर्लँग येते म्हणून मिळणाऱ्या नोकऱ्या पायथॉन, जावा किंवा जावास्क्रिप्टच्या मानाने फारच थोड्या आहेत. नोकरीचे तिकीट म्हणून अशी भाषा शिकायला घेतली तर निराशाच पदरी पडेल. ‘मॅप’ (यादीतल्या प्रत्येक घटकाला एकच फंक्शन लावणे), ‘फिल्टर’ (यादीतले हवे तेवढेच घटक निवडणे), न बदलणारा डेटा, बाहेरच्या कशालाही हात न लावणारी फंक्शन्स या कल्पना मात्र आता बहुतेक सर्वच भाषांत वापरल्या जातात, आणि त्या ज्याच्या अंगवळणी पडल्या आहेत त्याचा कोड तपासायला आणि दुरुस्त करायला सोपा जातो.

क्रमाचे म्हणाल, तर तूर्त भाषा बदलण्याची घाई नको. दोन-तीन महिने तिने पायथॉनमध्येच राहावे, पण एक बंधन पाळावे: एकदा दिलेली किंमत बदलायची नाही आणि शक्य तिथे ‘लूप’ऐवजी (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आज्ञेऐवजी) फंक्शनच लिहायचे. पायथॉन खोल रिकर्शन सहन करत नाही, साधारण हजार पायऱ्यांनंतर तक्रार करते, हे तिला आधीच सांगून ठेवावे. त्याच काळात शाळेतले विकलन आणि न्यूटनचे नियम शिकणे चालूच राहील. नंतर रॅकेट ही फंक्शनल भाषा घ्यावी, जी शिकवण्याच्या कामी मुद्दाम घडवलेली आहे, आणि हॅस्केलकडे त्यानंतर वळावे. मोनॅड कळत नाही म्हणून कुणी मागे पडत नाही. यादीवरची आणि ‘उत्तर असेल किंवा नसेल’ अशा प्रकारची पुष्कळ फंक्शन्स एकमेकांना जोडून झाली की त्यांतला समान धागा आपोआप दिसतो, आणि मोनॅड हे त्या धाग्याचे नाव आहे. त्याआधी कॅटेगरी थिअरीची, म्हणजे मोनॅड ही कल्पना ज्या अमूर्त गणितातून आली त्याची, पुस्तके उघडण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

पुढे पदवीचा अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकात किती प्रोग्रॅमिंग भाषा छापल्या आहेत हे पाहू नये, पहिल्या दोन वर्षांत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचे गणित), तर्कशास्त्र आणि रेषीय बीजगणित यांना किती तास दिले आहेत ते पाहावे. भौतिकशास्त्र पदवीला ठेवावे की नाही, हा निर्णय तिने यांत्रिकी पुरी केल्यावर स्वतः घ्यावा, आणि तेव्हा तिने नको म्हटले तर आपण आग्रह धरू नये.