रंकाळ्यावरचा स्टिकर

प्रश्न : भाऊ कुबड्या घेऊन रंकाळ्यावर फिरतो. कुणीतरी त्याचा स्टिकर बनवून गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलाय. ‘गंमत हाय, मनावर घेऊ नका’ म्हणतात. काय करावं?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : भाऊ स्वतःवर विनोद करत असेल तर तो त्याचा हक्क, गल्लीचा नव्हे. तक्रार करायची का, हेही त्यालाच विचारा. ग्रुप सोडू नका. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसू द्या. नुसता स्टिकर जपलात तर तो कुणी टाकला हे कळत नाही. मगच अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा. ज्यांनी सेव्ह केला, त्यांच्याकडे तो उरतोच. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 92 : चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास 6 महिने ते 5 वर्षे कैद आणि दंड. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर पोर्टलवर. 1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.